बेबीताईंच्या खुंट्या

दुपारच्या शांततेत नळ खाकरला.

आधी कोरडा, मग जरा ओलसर. नर्मदेचं पाणी यायच्या आधी नळ असाच घसा साफ करून घेतो. अनुश्रीने लॅपटॉपवर चाललेला व्हिडिओ होता तिथे थांबवला, गादीवर झोपलेल्या अबोलीकडे एकदा पाहिलं आणि चवड्यांवर चालत मोरी गाठली. नळाच्या तोंडाला फडकं गुंडाळलं, म्हणजे धार वाजायला नको.

चार वर्षांच्या पोरीची झोप ती केवढी? फार तर सव्वा तास. तेवढ्यात पाणीही भरायचं आणि अभ्यासही. एकोणतिसाव्या वर्षी ती कॉलेजात परत गेली होती, मीडियाच्या कोर्सला. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट होता: खराखुरा क्लायंट शोधा, त्याच्यासाठी दोन मिनिटांचा प्रमोशनल व्हिडिओ करा. वर्गातल्या पोरापोरींनी कुणी जिम पकडली, कुणी सराफ्यातलं दागिन्यांचं दुकान. अनुश्रीने पकडलं छत्रीबागेतलं बेबीताईंचं पाळणाघर.

त्यात तिचा स्वार्थ होता, आणि तो तिने लपवलाही नव्हता. सासूबाई बाहेरगावी, सांवेरच्या शाळेत शिकवायच्या, नवरा निखिल सदा फिरतीवर. अबोली रोज नऊ ते एक बेबीताईंकडे राहायची, म्हणून तर हिचं कॉलेज. पण मोठ्या रस्त्यावर एसीवाली प्ले-स्कूल उघडली आणि बेबीताईंकडची एकोणीस मुलं बघता बघता सातावर आली. "जूनपर्यंत पाच तरी नवीन आली नाहीत, तर मी कुलूप लावते गं बाई," त्या म्हणाल्या होत्या. कुलूप तिथे लागलं की इथे कॉलेजही सुटलंच.

आणि सोमवारचं शूटिंग तर साफ फसलं होतं.

बेबीताईंच्या मोठ्या खोलीत, पोरांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर, खुंट्यांची एक लाकडी पट्टी होती. प्रत्येक मुलाची एक खुंटी, आणि खुंटीवर त्याच्या आईचं काहीतरी. कुणाचा रुमाल, कुणाचा जुना गाऊन, एका डॉक्टरीणबाईंचा तर नुसता मोजा. अबोलीच्या खुंटीवर अनुश्रीची बांधणीची चुन्नी. आईसाठी रडणाऱ्या पोराला बेबीताई कधी गप्प करत नसत. "जा, भेटून ये," एवढंच म्हणत. पोर जायचं, नाक खुपसून उभं राहायचं, आणि थोड्या वेळाने आपलं आपण खेळायला परत यायचं.

सोमवारी अनुश्री कॅमेरा घेऊन पोचली, पाहते तो पट्टी गायब! भिंतीवर सशांचे गुलाबी स्टिकर.

"पाहुणे यायचे म्हटलं की आपण दोरीवरचे कपडे काढतोच ना?" बेबीताई इस्त्रीची साडी सावरत म्हणाल्या. "जगाला काय चिंध्या दाखवायच्या?"

"छान, स्वच्छ दिसतंय," असं अनुश्रीच म्हणाली होती. आता तेच आठवत होतं.

कारण नंतर एकाने भोकाड पसरलं, त्याचं पाहून दुसऱ्याने, आणि दहा मिनिटांत सातही जण. कॅमेरा सांभाळणारी तन्वी, वर्गातली वीस वर्षांची पोरगी, तीन वर्षांच्या एका टिल्ल्यापुढे हात जोडून बसली. "एक तरी हसरा शॉट दे ना भिया! करिअरचा सवाल आहे यार!" त्या इवल्याशा भैयाने आणखी वरचा सूर लावला.

"कॅमेऱ्याला घाबरली पोरं," बेबीताई ओशाळून म्हणाल्या. "पण रडकं पोर एकही दाखवू नकोस हां, अनुश्री."

रडकं वगळलं तर उरत होते चाळीस सेकंद. शुक्रवारी सबमिशन, आणि आज मंगळवार.

बादली भरून, हात पुसत ती परत आली. पडद्यावर मघाचीच चौकट थांबलेली. पुढे तो टिल्ल्या रडत होता. मागे, जराशी धूसर, अबोली. तिचा हात भिंतीवर, दोन सशांच्या मधोमध.

अनुश्री खाली बसली. व्हिडिओ मागे नेला, पुढे नेला. अबोली भिंतीपाशी जाते, हात वर करते, चाचपते, रिकामा तळवा बघते. मग दुसरी मुलगी. मग तो टिल्ल्या, आणि त्याचं रडं सुरू होतं ते तिथूनच. शूटिंगच्या गडबडीत हे तिच्या नजरेतून सुटलं होतं, पण मागे कोपऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं. पोरं कॅमेऱ्याला घाबरली नव्हती.

तिने बेबीताईंना फोन लावला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

"म्हणजे पोरांच्या आयाच काढून ठेवल्या की गं मी," बेबीताई म्हणाल्या.

"पट्टी लावा ना परत. सामान आहे ना सगळं?"

"आहे ना, कपाटात. स्वच्छ धुऊन ठेवलंय."

"धुतलंत?"

"पाहुणे यायचे म्हणून..." आणि मग त्यांनाच कळलं. "अगं देवा!"

अनुश्रीने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: कृपया आपापली वस्तू घेऊन जा, उद्या दिवसभर अंगावर वापरा, गुरुवारी न धुता आणा. डॉक्टरीणबाईंचं उत्तर लगेच आलं: "माझी चोवीस तासांची ड्यूटी आहे. मोज्याची काळजीच नको."

बुधवारी अनुश्रीने ती चुन्नी अंगावरून काढलीच नाही. पोळ्या लाटताना, बसमध्ये, लेक्चरला.

गुरुवारी तन्वीने कॅमेरा खाली, पोरांच्या उंचीवर ठेवला आणि एकालाही हसायला सांगितलं नाही. आया आल्या, वस्तू टांगून गेल्या. टिल्ल्या दारात रडला, तसाच खुंटीकडे गेला, आणि मोज्यात नाक घालून उभा राहिला. मग मोजा खांद्यावर टाकून ठोकळ्यांकडे वळला. "दी, मी नाही रडत आहे हां," तन्वी नाक ओढत कुजबुजली. "सर्दी आहे."

व्हिडिओ तयार झाला. गाणं नाही, ड्रोन नाही. चष्मा नाकावर आणून बेबीताईंनी तो पाहिला.

"दाखवलंसच शेवटी रडकं पोर."

"दाखवलं. गप्प झालेलंही दाखवलं की."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. "लाव बरं परत," मग म्हणाल्या. "ते मोज्याचं."

कॉलेजात जे मार्क मिळायचे ते मिळतील. शनिवारी मात्र व्हिडिओ पाहून दोन नव्या आया पाळणाघर बघायला आल्या. पाचाला अजून तीन कमी होते. पण त्यातल्या एकीने, कुणी न सांगताच, पिशवीतून आपला स्कार्फ आणला होता. "माझ्या पोरीला कुठली खुंटी?" तिने विचारलं, आणि बेबीताई उत्तर द्यायच्या आधीच हातोडी शोधायला लागल्या.

सोमवारी सकाळी अबोलीने चुन्नी स्वतः टांगली. दोनदा नीट केली. अनुश्री खांद्याला बॅग लावून निघणार, तेवढ्यात पोरीने तिचा कुर्ता धरला.

"आई, तुझ्या कॉलेजात खुंटी आहे?"

"नाही गं. मोठ्यांना नसते."

अबोलीने तिच्याकडे नीट पाहिलं. व्हिडिओत रिकाम्या तळव्याकडे पाहत होती ना, अगदी तशीच.

"मग तुला माझी आठवण आली, की तू कुठे जातेस?"