निमिषभराची सवड

माघाचं पिवळं, परतीच्या वाटेवरचं ऊन पाचगणीच्या पठारावरून उतरलं, सिल्व्हर ओकच्या शेंड्यांवर रेंगाळलं आणि आसावरीच्या खोलीत आलं. खोलीत आणखी एक रान होतं. संगणकाच्या पडद्यावरचं, नीलधूसर, धुकंभारलं, आसावरीनं स्वतः रेखलेलं. त्या रानातून एक चिमुरडी हातातली पणती सांभाळत चालली होती. तिला चालवणारी बोटं पुष्करची होती.

किती वर्षांनी आला होता तो, वाईहून, घाट चढून!

'काजळरान' हा खेळ दोघांनी मिळून मांडला होता. चित्रं तिची, कोडी त्याची. सुंदर होतं ते पहिलं रान, आणि निष्ठुर. काळ्यावर काळं, सावलीवर सावली. दरीच्या कडेवरून उडी घ्यायला केसभर उशीर झाला, की मुलगी खाली, पणती विझलेली, वाट पुन्हा पहिल्यापासून.

"कड सुटल्यावरही निमिषभर उडी मान्य कर गं," पुष्कर विनवायचा. "माणसाचा हात उशिरा हलतो."

"कड म्हणजे कड," आसावरी म्हणायची. मोठी तत्त्वाची बाई!

आणि एकदा पुष्करलाच उशीर झाला. शेवटचं कोडं घेऊन तो आला, तेव्हा ठरलेला दिवस मावळला होता आणि तिनं ते काम दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. "उशीर झाला," एवढंच ती म्हणाली. वडिलांना दवाखान्यात ठेवून तो आला होता, हे तिला फार मागाहून कळलं. त्यानं सांगितलं नव्हतं; तिनं विचारलं नव्हतं.

लोकांनी पहिलं रान वाखाणलं, आणि तिसऱ्या दरीपाशी सोडून दिलं.

दुसरं काजळरान तिनं एकटीनं रचलं. काळोखाला आता रंग होते: जांभळा, शेवाळी, पहाटेचा राखी. पाण्याचा नाद आधीच वाट सांगायचा. एक कोडं सुटताना पुढच्याची कडी हाती द्यायचं. आणि कड सुटली तरी निमिषभर, अवघं निमिषभर, हवा त्या मुलीला तोलून धरायची. खेळणाऱ्यांना ते उमगायचंही नाही. हे रान पहिल्यापेक्षा मायाळू आहे, एवढंच ते म्हणायचे. हे कौतुक आसावरीला बोचायचं. उशिरा सुचलेलं शहाणपण, आणि तेही पुष्करचं.

आता त्यानं कळ दाबली, उशिरा. कड सुटली होती. मुलगी पडली नाही. पलीकडे उतरली, पणतीसकट.

त्याची बोटं थांबली. ओठांवर हसू आलं.

"दिलीस सवड."

"चुकलं माझं, पुष्कर." किती वर्षं राहून गेलेलं वाक्य, आणि किती लहान निघालं! "तिसरं रान दोघांनी करू. येशील?"

तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "छान झालंय गं. पहिल्याहून कितीतरी छान." मग हळूच म्हणाला, "राग होता ना, तोवर तुझ्या हाकेची वाट बघत होतो. आता रागही उरला नाही."

निघताना 'येतो' म्हणाला. सगळेच म्हणतात.

पसरणीच्या घाटात त्याची मोटारसायकल उतरू लागली. एका वळणावर आवाज यायचा, दुसऱ्यावर बुडायचा. पुन्हा यायचा, आणखी बारीक. पठार विझलं, ओक विझले, दरी धुक्यानं भरली. आसावरी कठड्याला टेकून ऐकत राहिली, पुढच्या वळणासाठी, त्याच्याही पुढच्या वळणासाठी, ऐकण्याजोगं काही उरलं नाही तरी.