घरटी एक पॅकेज

प्रेरणाने भर सभेत शब्द देऊन टाकला, की यंदा जत्रेची पत्रिका आपल्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरच छापायची. तोंडातून गेलं ते गेलं! जत्रा कमिटीचे अध्यक्ष बाजीराव म्हणाले, "शनवारी सांजपातुर छाप. न्हाई जमलं तर ते डबडं अडगळीत." आणि हा कॉम्प्युटर तिने दोन वर्षं खेटे घालून मिळवलेला.

आता कॉम्प्युटर लिनक्सचा, चांगला धडधाकट. पण प्रिंटर नवा, छपाईची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांची गाठोडी, जुनी, त्यामुळे दोघांची ओळखच पटेना. नवी घालावीत तर पवन मावळातल्या या वाडीत इंटरनेटचा पत्ता नाही. शेवटी तिने कॉम्प्युटरलाच विचारून लागतील त्या पॅकेजांची नावं काढली. भरली चौदा. शनिवारी सकाळी महिपतीआबा सोमाटण्याला पुतणीकडे, चैतालीकडे निघाले होते. तिच्या घरी इंटरनेट. यादीचा कागद आणि पेनड्राइव्ह आबांच्या खिशात गेले.

आबा म्हणजे गावाचं आवतण. चाळीस वर्षं लग्नाबारशाची बोलावणी दारोदार करणारा माणूस.

दुपारी आबा परतले. प्रेरणाने पेनड्राइव्ह लावला, तर कॉम्प्युटर अडूनच बसला. हे नाही, ते नाही. तिने मोजलं. चौदातली सहाच!

"आबा, बाकीची कुटं हायती?"

"गाळली की!" आबा ऐटीत म्हणाले. "ही नऊ बघ. समद्यांच्या म्होरं 'लिब' हाय. आडनाव एक, म्हंजी घर एक. मंग घरटी एक बोलावला की झालं! चैताली बोलत हुती कायतरी. म्हनलं, मला शिकवू नगंस."

प्रेरणाला हसावं की रडावं कळेना. घड्याळात तीन वाजलेले.

"आवो आबा, हे घरटी एकाचं आवतण न्हाई, चूलबंद हाय! घरातला एक जरी राहिला तरी बाकीचे पानावर बसत न्हाईत."

आबांचं तोंड एवढंसं झालं. चूलबंद आवतणात माणूस गाळायचा? केवढी नामुष्की! "आरं द्येवा! आधी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणत त्यांनी उभ्या उभ्या मोटरसायकलला किक मारली.

साडेपाचला ते धुळीने माखून हजर. या खेपेला एकेका नावावर बोट ठेवून त्यांनी चैतालीकडून सगळं उतरवून घेतलं होतं. पडद्यावर ओळी सरसर पळाल्या, कुणी म्हणून रुसलं नाही. प्रिंटर घरघरला आणि पहिली पत्रिका कोमट कोमट बाहेर आली. प्रेरणाने आनंदाने उडीच मारली, आबांनी "चांगभलं!" अशी आरोळी ठोकली.

आरोळी ऐकून बाजीराव आले. आधी आपलं नाव ठळक आहे ना ते त्यांनी बघून घेतलं. पत्रिका उलटीसुलटी केली. मग घसा खाकरून, इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "बुधवारी नातीचं बारसं हाय. नाव काय अजून ठरंना. तेवढं ठरलं की बारशाची पत्रिका बी हितंच छापशील का, पोरी?"

"छापीन की, भाऊ!" प्रेरणा म्हणाली, आणि डोळे पुसत खळखळून हसली.