माझ्या ओरखड्यातला डावा खडा

मी ढवळकांडी बोलतेय, प्रयोगशाळेत भांड्याच्या तळाशी फिरून पाणी ढवळणारी. बोटाच्या पेराएवढी, पोटात चुंबक, अंगावर पांढरं प्लास्टिक. शपथेवर सांगते, डाव्या-उजव्याच्या भांडणात मी कधी कुणाची बाजू घेतली नाही. म्हणजे, घेतली. सलग बारा दिवस.

आमच्या प्रयोगशाळेतल्या ताई एक क्षार गरम पाण्यात विरघळवून, निववून त्याचे खडे बनवायच्या. खडे दोन जातींचे, डावे नि उजवे, चपलांच्या जोडासारखे. पाणी स्वस्थ ठेवलं की निम्मे-निम्मे. पण निवत्या पाण्यात मी गरगर फिरू लागले की भांडंभर एकच जात!

बाराही वेळा डावी. ताई हरखल्या. 'निसर्ग डावखुरा आहे' असा तीन वर्षांचा प्रबंध लिहून झाला. सोमवारी द्यायचा होता.

मला त्या धूतच नसत, फडक्यानं पुसायच्या. भांडी धुणाऱ्या मावशींना दटावायच्या, "ही लकी आहे हं, हात लावू नका."

"कसली लकी! कुशीला ओरखडा आहे तिच्या. मी चहाचं गाळणंसुद्धा असं ठेवत नाही."

ताईंनी भिंग लावलं. ओरखड्यात मोहरीहून बारीक खडा. डावा! दर खेपेला तोच आधी घुसून आपलं घराणं वाढवत होता.

"मावशी, सोमवारनंतर धुतली तर?"

"धू की. झोप लागणार असेल तर."

ताईंनी मला खळखळ उकळलं. पुन्हा प्रयोग. उजवी जात! मग डावी, डावी, उजवी. म्हणजे निसर्ग डावखुरा नव्हताच! ताई रडायलाच लागल्या.

तेवढ्यात त्यांचे सर आले. "एका तरी भांड्यात सरमिसळ आहे?"

"नाही."

"मग रडताय काय? का नाही, ते लिहा!"

कारण सोपं होतं. पहिला खडा जन्मला की मी त्याला असा तडाखा देते की तुकडे भांडंभर उडतात, आणि उरलेला क्षार त्यांचीच नक्कल करतो. पहिला कोण, हे मात्र कुणी ठरवत नाही. प्रबंध नव्यानं लिहिला गेला. उशिरा, पण खरा.

आता मी खणात असते. ओरखडा आहे तसाच. एवढीच विनवणी, मला लाडानं पुसू नका, खसखसून धुवा.

आणि हो, शपथ घेतलीय म्हणून सांगते. सरांचा प्रसंग मी रचला. ते त्या दिवशी रजेवर होते. तो प्रश्न डोळे पुसत ताईंनीच स्वतःला विचारला होता.