सुटलेला सा

मार्गशीर्षाचं ऊन मिरजेच्या अरुंद गल्लीत उतरलं. कोवळं, केशरी, आळसावलेलं. छताला टांगलेल्या भोपळ्यांवरून ओघळलं, अर्ध्या घडल्या तंबोऱ्यांच्या कंठाशी थबकलं, आणि बशीरभाईंच्या थरथरत्या उजव्या हातावर येऊन स्थिरावलं.

तो हात! तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या घोडीवर कानस फिरवून जवारी लावणारा, मुक्या तारेतून झंकार उमलवणारा, गाजलेला हात. आता त्याला कानस धरवत नव्हती. आणि ती मागणारी कोण? तर नसरीन, धाकटी लेक. दिवसभर अब्बांच्या पायाशी गेमिंग कन्सोल घेऊन बसणारी!

"अब्बा, जवारी मी लावते."

"आधी तुझं खेळणं नीट कर!" अब्बा फणकारले. "तुझा तो घोडेस्वार बघ, बोट लावलं नाही तरी डावीकडे पळतोय. सा सुटलाय त्याचा. तो सा घरी, जागेवर आण, कानस तुझी. नाही जमलं, तर पुन्हा नाव काढायचं नाही."

झालं! पोर इरेला पेटली.

इवले इवले स्क्रू निघाले. जॉयस्टिकचं झाकण अलगद उघडलं. आत, दांडीच्या तळाशी, जिथे तिनं मध्यावर विसावायचं, तिथेच धूळ साचली होती. शुभ्र, पिठूळ, चिवट धूळ. नसरीननं स्पिरिटचा बोळा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, श्वास रोखून. सगळं जोडलं. दांडी गरकन फिरवली आणि सोडून दिली.

घोडेस्वार थांबला. हिरव्या माळाच्या मधोमध, निश्चल, निवांत.

"आला घरी, अब्बा!"

अब्बांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी बोळ्यावरची धूळ चिमटीत घेतली, चोळली, आणि ओळखली. घोडीच्या हाडाची धूळ. त्यांच्याच कानशीखालून वर्षानुवर्षं उडालेली.

"इतकी जवळ बसायचीस होय गं?"

"हात खेळायचे, अब्बा. कान तुमच्याकडेच असायचे."

बशीरभाईंनी कानस तिच्या हाती ठेवली आणि समोर तारा चढवलेला तंबोरा सरकवला.

कानस फिरली. तार छेडली. पुन्हा फिरली, पुन्हा छेडली. आणि अवचित ती तार बोलली, दीर्घ, तेजस्वी, भरल्या गळ्याची.

"अरे, ऐका रे सगळे!" बशीरभाई दारात जाऊन गल्लीभर ओरडले. "माझ्या नसरीननं जवारी लावली!"

आत, केशरी उन्हात, शुभ्र धूळ उडत राहिली. नसरीनच्या केसांवर, पापण्यांवर, हातांवर हळूहळू उतरत राहिली. आणि तिनं ती झटकली नाही.