शि. म.ची कळशी

मी नळदुर्गातली एक पितळी कळशी बोलतेय. पोटात पाणी कमी आणि भीतीचा गोळाच मोठा, अशी माझी सध्याची गत आहे.

माझ्या गळ्याखाली ‘शि. म.’ अशी अक्षरं आहेत. बाजारात नावं घालणाऱ्यानं ती ठोकली तेव्हा मी काय फुशारले होते! शि. म. म्हणजे शिवगंगा महालिंग, माझी मालकीण. तिच्याशिवाय दुसरं कुणी शि. म. असेल, हे माझ्या पितळी डोक्यात आलंच नाही.

नळाला पाणी आलं की शिवगंगा मला डाव्या कमरेवर घ्यायची. एकदा तिच्या डाव्या हातातून निसटून मी कट्ट्यावर आपटले, पोटाला पोचा आला, काठ वाकला. पण पोचा तिच्या कमरेत चपखल बसला आणि वाकलेला काठ तिच्या हाताच्या आड राहू लागला. मग तिनं मला दुरुस्त केलंच नाही.

गेल्या वर्षी शिवगंगा गेली. तिची लेक महेश्वरी मला रोज चिंचेनं घासायची, आईची आठवण म्हणून जपायची. एकदा मठात महाप्रसाद होता. अशा वेळी घराघरातून पाण्याची भांडी जातात, तशी मीही गेले. पंगती उठल्यावर भांड्यांचा ढीग पडला. मठातले रामलिंग म्हणाले, “शि. म. म्हणजे शिवमठ, राहू द्या हितंच.” एक गुरुजी म्हणाले, “अहो, शिक्षक मंडळाची आहे ही!” तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या शांताक्का आल्या. “माझ्या पोराचं नाव हाय, शिवराज मल्लिकार्जुन,” म्हणत मला घेऊनही गेल्या. मी ओरडणार कशी? भांड्याला भांडं लागलं तरच आमचा आवाज!

शांताक्का मला उजव्या कमरेवर घ्यायच्या. वाकलेला काठ पुढं यायचा आणि पातळ भिजायचं. तिसऱ्या दिवशी त्या वैतागल्या, “लई सांडायली ही. उद्या मोडीत घालते.”

मोडीत! म्हणजे भट्टी. माझा जीव टांगणीला लागला. वितळल्यावर कुठली शिवगंगा आणि कुठली मी?

दुसऱ्या दिवशी शांताक्कांनी मला पिशवीत घातलं, चप्पल पायात सरकवली, तोच दारात महेश्वरी उभी. तिच्या हातात दुसरी कळशी, तिच्यावरही शि. म.!

“शांताक्का, ही तुमची, मठातल्या ढिगात राहिली हुती. माझी तुमच्याकडं आलीया.”

“अगं, नाव तर हेच हाय. वळखायचं कसं?”

महेश्वरीनं मला पिशवीतून काढलं, डाव्या कमरेवर घेतलं. पोचा कमरेत बसला, हात आपसूक वाकलेल्या काठावर गेला. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

शांताक्का बघतच राहिल्या. “व्हय की गं! शिवगंगा अशीच घ्यायची.”

“आई डावखुरी नव्हती, तरी कळशी डावीकडंच का वो घ्यायची?”

“अगं, उजव्या कडंवर तू असायचीस. खाली ठिवलं की भोकाड पसरायचीस. मग कळशी डावीकडं. पुढं तू मोठी झालीस, पर तिची सवय काय मोडली न्हाय.”

महेश्वरी मला घेऊन निघाली. वाटेत तिनं मला घट्ट धरलं होतं आणि तिचे अश्रू माझ्यात पडत होते.

आता मी घरी आहे. तरी पुढचा महाप्रसाद आठवला की धडकी भरते. पोरी, अक्षरं हवं तर घासून टाक. पोचा मात्र काढू नकोस. उजव्या कडेवरची तुझी जागा रिकामी ठेवण्यापायीच तो पडलाय.