मळक्या दुपट्याचा डबा

लेक आत्ताच निजलीये, तेवढ्यात लिहून घेते.

आमच्या ऑफिसातल्या एका खोलीत फळीवर, डब्यांमध्ये, नखाएवढ्या गोगलगाई राहतात. त्यांचा डोंगर खडीसाठी फोडला. आता डब्यांबाहेर त्या कुठेच नाहीत. त्यांना सांभाळणं माझं काम. बाहेरचं पान आत न्यायचं तर धुऊन, उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी बघून. माती भाजल्याशिवाय आत येतच नाही. कारण एक परकी, लांबट गोगलगाय इतर गोगलगाईंचा माग काढून त्यांना खाते, आणि ती कुंड्यांच्या मातीतूनच पसरते.

पाहुणे येणार म्हणून साहेबांनी रोपवाटिकेतून कुंड्या आणवल्या आणि थेट त्या खोलीत मांडल्या. मी हरकत घेतली. साहेब म्हणाले, बाळंतपणापासून बाई फार हळव्या झाल्यात, कुंडीलाही भितात. हिशेबनीस म्हणाला, एरवी गोगलगाय नि पोटात पाय, आज पाय बाहेर आले वाटतं. सगळे हसले. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला, लेकीला ताप भरलाय. मी धावत घरी गेले.

पाहुण्यांच्या फोटोत नीट दिसावं म्हणून मी गेल्यावर साहेबांनी डब्यांची झाकणं काढली. परत लावायचं कुणाला सुचलंच नाही.

सकाळी कुंडीपासून फळीपर्यंत चकचकीत रेघ होती. डब्यांत नुसते शंख, चाटूनपुसून ठेवल्यासारखे. लांबट ती शेवटच्या डब्यात अजून जेवत होती. तिचा राग नाही आला. तिला भूक होती. साहेबांना कसली होती?

टेबलाखाली मात्र पिल्लांचा डबा होता. त्याच्या तोंडाला मी लेकीचं जुनं दुपटं ओलं करून बांधते. मळकट दिसतं म्हणून साहेबांनीच तो पायाने आत सरकवला होता. मोहरीएवढी पिल्लं पानावर चालत होती. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

मग त्या लांबट गोगलगायीला तिच्या कुंडीत घातलं, कुंड्या उचलल्या आणि एकेक करून साहेबांच्या टेबलावर, फायलींवर नेऊन ठेवल्या.

साहेबांनी एक कुंडी सरकवून खालची फाईल ओढली. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात अजून पाहुणे आहेत. तो डबा जरा चांगल्या कापडात बांधून फळीवर मांडा."

"तो डबा कुणी बघणार नाही."

"बाई, खोली ऑफिसची आहे."

"असेल. पिल्लं नाहीत."

खोलीला कुलूप घालून मी घरी आले. किल्ली मागायला शिपाई दोनदा येऊन गेला. चहा पाजून परत पाठवला.