खुर्चीपासून बाकापर्यंत

त्या हंगामात अंधार करायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या हौशी नाट्यमंडळात पगार कुणालाच नाही, त्यामुळे रिकाम्या माणसावर सगळ्यांचा डोळा असतो. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या प्रवेशाची वाट बघत मी घरी बसले होते, तेव्हा मला दिव्यांच्या खोलीत बसवलं गेलं यात नवल नव्हतं. ही खोली प्रेक्षकांच्या मागे, काचेआड आहे. तिथून रंगमंच खेळण्यातल्या घराएवढा दिसतो. उजेड करणं सोपं असतं. अंधार करणं अवघड, कारण दिवा घालवला तरी त्याची तार क्षणभर तांबडी राहते, आणि तेवढ्या तांबड्यातही डोळ्यांना हवं ते दिसतं. मी आधी सगळे दिवे हळूच उतरवायला आणि मग एकदम तोडायला शिकले.

एवढी खटपट करायचं कारण म्हणजे आमच्या थिएटरला दर्शनी पडदा नाही. पूर्वी ते गोदाम होतं, आणि पडदा वर जाईल एवढं छत उंच नाही. दोन अंकांमधलं सामान अंधारातच बदलावं लागतं. हंगामातल्या शेवटच्या नाटकात पहिला अंक एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या दिवाणखान्यात संपायचा आणि दुसरा रेल्वे स्टेशनवर सुरू व्हायचा. म्हातारा डॉक्टर म्हणजे माझे बाबा. ते खुर्चीत बसून शेवटचं वाक्य म्हणायचे, मी अंधार करायचे, आणि एका लांबलेल्या जांभईइतक्या वेळाने दिवे आणले की समोर तिकिटाची खिडकी, बाक आणि बाकावर मांडीवर टोपी घेऊन बसलेले बाबा. लोक दर वेळी टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या आपल्या बसण्याला आहेत अशी बाबांची समजूत होती.

सामान बदलणाऱ्यांची प्रमुख आई. दिवसा ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि संध्याकाळी काळे कपडे घालून अंधारात शिरते. वीस वर्षं हेच चाललं होतं. पण गुडघ्याने आता हात टेकले होते, आणि पुढच्या हंगामापासून ती कपडेपटात बसून शिवणकाम बघणार होती.

हंगाम संपला की मंडळ स्वयंसेवकांचा सोहळा करतं. अध्यक्ष एकेकाला वर बोलावतात, प्रत्येकाला फुलं देतात, मग चहा. यंदाच्या बैठकीत आई म्हणाली, "आम्हाला फुलं नकोत."

"मग काय हवंय, घड्याळ?" अध्यक्षांनी विचारलं. ते सुट्टीवर निघालेल्या माणसासारखे नेहमी हसतमुख असतात.

"काही नको. आम्ही तो बदल करून दाखवतो. दिवे लावून."

बाबांना खरंच हसू आलं. "अगं, खुर्च्या हलवताना बघायला कोण बसेल? लोक हसतील तुम्हाला."

आईने उत्तर दिलं ते घरी आल्यावर, पोळ्या लाटता लाटता. "वीस वर्षं मी तुमच्या प्रत्येक नाटकात आहे. मला कुणी बघितलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"अंधारात मला काय दिसणार?"

"मीही तेच म्हणतेय. एकदा बघा. मग खुर्च्या म्हणा नाहीतर हमाली म्हणा, मी ऐकून घेईन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी तालीम ठेवली. सगळे मिळून सात जण: आई, सुतारकाका, दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि आईच्या लॅबमधून पकडून आणलेले चौघं, ज्यांना सगळे मिळून 'चौकडी' म्हणत. मी भरपूर उजेड केला. सुतारकाका आणि चौकडीतला एक जण कपाट उचलून निघाले. ते कपाट म्हणजे आमची शान होती. पुढून कपाट, फिरवलं की मागून तिकिटाची खिडकी. समोरून बाई गालिचा गुंडाळत येत होत्या. सुतारकाका थांबले.

"आधी तुम्ही घ्या."

"नाही, नाही, तुमच्या हातात ओझं आहे. तुम्ही जा."

तेवढ्यात मागचं टेबल येऊन कपाटाला लागलं. टेबल धरणाऱ्यांनी एकमेकांची माफी मागितली. उभा दिवा नेणारा कुणाला तरी वाट देण्यासाठी वळला आणि दिव्याची काठी खुर्चीत अडकली. जो तो दुसऱ्याकडे बघत होता आणि बघितलं की अडखळत होता. दुसऱ्यांदा केलं, तर आणखी वाईट. आई टेबलावर बसली आणि गुडघा चोळायला लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उद्या नवरा पहिल्या रांगेत असणार आहे, हे मात्र तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"करू या रद्द," ती म्हणाली. "फुलं घेऊ आणि गप बसू."

मी काचेमागून बघत होते. शंभर वेळा बरोबर येणारा प्रयोग एकदम चुकायला लागला, तर काय काय बदललं ते शोधायचं, एवढं मला शिकवलेलं होतं. माणसं तीच, सामान तेच, जागा तीच. मी माइक सुरू केला.

"आई, डोळे मिटून करा."

"काय?"

"दिवे राहू देत. डोळे मिटा. अंधारात तुम्ही बघत नाही, म्हणून जमतं."

खाली सातही जणांनी माना वर करून काचेकडे बघितलं. मग सुतारकाका म्हणाले, "पोरगी दिव्याखाली बसून बसून तापली."

पण त्यांनी करून बघितलं. पहिल्या झटक्यातच टेबलाचा पाय सुतारकाकांच्या नडगीवर आपटला, कारण त्यांनी एक डोळा किलकिला केला होता.

"खुर्चीत बसून तोंड उघडा म्हटलं की उघडत नाहीत," बाई म्हणाल्या. "डोळे मिटा म्हटलं की उघडतात. वर्षानुवर्षं हाच अनुभव."

"बाई, तुमच्या खुर्चीत मी तोंड मिटतो ते भीतीने. इथे डोळा उघडला तोही भीतीनेच."

पुढच्या वेळी कुणी डोळा उघडला नाही. कपाट निघालं, गालिचा सरकला, आणि अर्ध्यावर आई म्हणाली, "बस. आलं ते. उरलेलं उद्या." तिने मला पुढचं काही बघू दिलं नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "मी खुर्चीत कधी येऊन बसू?"

"तुम्ही खाली. पहिल्या रांगेत."

"मग म्हातारा कोण?"

"कुणी नाही," आई म्हणाली. "तुमचं शेवटचं वाक्य तेवढं खालून म्हणा. त्यावर आम्ही निघतो."

रविवारी दुपारी सोहळ्याला थिएटर भरलं. एरवी रंगमंचावर असणारे सगळे नट खुर्च्यांवर बसले होते आणि खुर्च्यांवर कसं बसायचं हे त्यांना फारसं माहीत नसावं, इतके चुळबुळत होते. अध्यक्षांनी काय होणार आहे ते दोन वाक्यांत सांगितलं आणि चक्क थांबले. मी होते नव्हते तेवढे दिवे लावले, झाडलोटीच्या वेळचे पिवळेसुद्धा. सात जण दिवाणखान्यात येऊन आपापल्या जागी उभे राहिले. काळे कपडे उजेडात काळे नव्हते. आईचा कुर्ता धुऊन धुऊन राखाडी झाला होता आणि बाईंच्या कोपरावर ठिगळ होतं. सातही जणांनी डोळे मिटले.

पहिल्या रांगेतून बाबांचा आवाज आला. "चला, आता निघायला हवं."

ते निघाले.

पुढे काय झालं ते मला क्रमाने सांगता येणार नाही, कारण ते क्रमाने झालंच नाही, एकदम झालं. कपाट जमिनीवरून उठलं आणि वळायला लागलं. बाई गुडघ्यांवर मागे मागे सरकत गालिचा गुंडाळत होत्या, आणि गालिच्याची कड जिथून सुटत होती तिथेच, त्याच क्षणी, टेबलाचे पाय टेकत होते. सुतारकाकांनी काही कारण नसताना मान खाली घातली. मग त्यांचं डोकं जिथे असतं तिथून उभ्या दिव्याची काठी आडवी निघून गेली. त्यांनी मान वर केली. बाक दोघांच्या हातांतून तिसऱ्याच्या हातांत गेला, आणि तिसऱ्याने हात पुढे केले होते ते बाक यायच्या आधी. बंद डब्यातल्या वायूचे रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात, हे मी तीन वर्षं शिकले होते. इथे त्याहून जास्त गर्दी होती आणि कुणी कुणाला शिवत नव्हतं. सातही चेहरे झोपेतल्या चेहऱ्यांसारखे शांत होते. कापडी तळव्यांच्या बुटांचा आवाज काचेआड येत नाही. मी दार उघडलं तरी आला नाही.

आणि त्या सगळ्याच्या मधोमध आई रिकाम्या खुर्चीपाशी गेली. ती वाकली, कानाशी बोलावं तसं काहीतरी बोलली, आणि तिथे नसलेल्या एका कोपराखाली हात घातला. मग ती थांबली. म्हाताऱ्या माणसाला उठायला लागतो तेवढा वेळ थांबली, आणि तिच्यामागून कपाट येत असताना थांबली. कपाट तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावरून वळून गेलं. तिची पाठ हललीसुद्धा नाही. मग ती म्हाताऱ्याच्या चालीने चालू लागली. टेबलाजवळ तिने मोकळा हात पुढे करून टेबलाच्या कोपऱ्यावर तळवा ठेवला, जाणाऱ्याच्या कमरेला तो लागू नये म्हणून, आणि तो पुरता पलीकडे जाईपर्यंत उचलला नाही. बाकाशी तिने त्याला वळवलं, बसवलं, मांडीवर टोपी ठेवली. टोपी बाकाच्या फळीवर टेकली. आई विंगेत गेली.

समोर स्टेशन होतं. सात माणसं विंगेच्या कडेला डोळे मिटून उभी होती, कारण उघडा असं सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. टाळी वाजली नाही. लोक नुसते बसून होते. मीही दिव्यांच्या सरकपट्ट्यांवर हात ठेवून बसले होते आणि कुठली सरकवायची हे मला आठवत नव्हतं.

बाबा उठले. ते पायऱ्या चढून वर गेले आणि टेबलाच्या कोपऱ्यापाशी उभे राहिले. त्यांनी आपल्या कमरेला हात लावला, मग कोपऱ्याला.

"हा इथे असतो?"

आईने डोळे उघडले. "रोज."

"मी रोज इथून जातो?"

"दुसरी वाटच नाही."

"मला वाटायचं," बाबा म्हणाले, "मीच चालत जातो."

"चालता तुम्हीच. मी कोपरा धरते."

बाबा प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, "पुन्हा बघू या का?"

आता टाळ्या पडल्या, आणि अशा पडल्या की काच थरथरली. पण एक अडचण होती. स्टेशनचा दिवाणखाना डोळे मिटून करणं यांतल्या कुणालाच येत नव्हतं. ते काम नाटक संपल्यावर गप्पा मारत, निवांत व्हायचं. मग नटच वर गेले. नायिकेने दिवा उचलला, खलनायकाने गालिचा उलटा पसरला, कपाट फिरवताना चार नटांनी चार वेगळ्या दिशा धरल्या. "भिंतीकडे, भिंतीकडे," सुतारकाका ओरडत होते. "भिंत म्हणजे ती उभी असते ती." लोक पोट धरून हसत होते. बऱ्याच वेळाने दिवाणखाना झाला. बाबा जाऊन खुर्चीत बसले.

आईने मान वर करून काचेकडे बघितलं. "आता दिवे घालव," ती म्हणाली. "हे आमचं नेहमीचं."

बाबांनी वाक्य म्हटलं. मी दिवे उतरवले आणि तोडले.

अख्ख्या हंगामात मी असा अंधार ऐकला नव्हता. एरवी त्या वेळात लोक खोकतात, शेजाऱ्याला काहीतरी विचारतात, कागद चुरगळतात. आज पूर्ण भरलेल्या थिएटरात कुणी हललं नाही. सगळ्यांना माहीत होतं की आत्ता कपाट वळतंय, आत्ता कुणीतरी मान खाली घातली. समोर काळं होतं आणि लोक त्या काळ्याकडे टक लावून बघत होते. त्या शांततेत मला खालून, इतक्या लांबून, आईचा अगदी हलका आवाज आला. "उठा. सावकाश."

बदल पुरा झाल्याची ठरलेली टकटक लाकडावर झाली. मी दिवे आणले.

स्टेशन होतं, खिडकी होती, बाकावर मांडीवर टोपी घेऊन बाबा होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळी डोकी डावीकडे वळली होती, जिथे विंगेचं काळं कापड अजून हलत होतं.